अनेक रेपॉझिटऱ्यांवरील एकत्रित आवृत्ती नियंत्रण

अनेक रेपॉझिटऱ्यांवरील एकत्रित आवृत्ती नियंत्रण ही सॉफ्टवेअर निर्मितीतील एक कार्यपद्धती आहे. तीत आवृत्ती नियंत्रण प्रणालीची एखादी आज्ञा एकाच वेळी अनेक स्वतंत्र रेपॉझिटऱ्यांमध्ये (कोडभांडारांमध्ये) चालवली जाते. सर्व रेपॉझिटऱ्यांची सद्यस्थिती पाहणे, मुख्य सर्व्हरवरील नवे बदल आणणे, सर्वत्र एकाच नावाची शाखा तयार करणे किंवा एकच दुरुस्ती सगळीकडे नोंदवणे ही तिची नेहमीची उदाहरणे होत. गिट, मर्क्युरियल आणि सबव्हर्जन या प्रणालींची मूळ रचना एका वेळी एकाच रेपॉझिटरीवर काम करण्यासाठी केलेली आहे. त्यामुळे अशा एकत्रित कामासाठी शेल स्क्रिप्ट किंवा खास साधने वापरावी लागतात.

फेडोरा या लिनक्स वितरणात प्रत्येक पॅकेजसाठी वेगळी गिट रेपॉझिटरी असते आणि तेथे ही कार्यपद्धती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पुण्याशी जवळचा संबंध असलेल्या लोहित फॉन्टांची पॅकेजेही याच व्यवस्थेत सांभाळली जातात.

पार्श्वभूमी

१९८६ मध्ये डिक ग्रून यांनी सुरू केलेली सीव्हीएस आणि २००० मध्ये कोलॅबनेट या कंपनीने सुरू केलेली सबव्हर्जन या केंद्रीय प्रणाली आहेत. त्यांमध्ये एका सर्व्हरवर एक मोठी रेपॉझिटरी ठेवून तिच्यात अनेक प्रकल्पांचे फोल्डर मांडण्याची प्रथा होती. हव्या त्या फोल्डरापुरती प्रत उतरवून घेता येत असे आणि वरच्या फोल्डरात दिलेली आज्ञा आतील सर्व प्रकल्पांना लागू होत असे. साहजिकच अनेक रेपॉझिटऱ्या एकत्र हाताळण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहावयास घेतल्यानंतर चित्र बदलले. गिट ही वितरित प्रणाली आहे. रेपॉझिटरीची प्रत घेताना सर्वसाधारणपणे तिचा संपूर्ण इतिहास संगणकावर येतो आणि कमिट ही नोंद एका फाइलची नसून संपूर्ण रेपॉझिटरीची असते. असंबद्ध प्रकल्प एकाच रेपॉझिटरीत ठेवल्यास प्रत्येकाला सर्वांचा इतिहास वाहावा लागतो आणि प्रवेशाचे अधिकारही वेगवेगळे देता येत नाहीत. म्हणून गिट वापरणाऱ्या संस्थांत प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र रेपॉझिटरी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पुढे एक मोठी प्रणाली अनेक छोट्या सेवांमध्ये विभागण्याची रचना लोकप्रिय झाल्यावर एकाच चमूकडे अनेक रेपॉझिटऱ्या असणे ही सामान्य गोष्ट बनली.

मूळ कार्यपद्धती

साधन कोणतेही असले तरी कामाचे टप्पे सारखेच असतात. प्रथम रेपॉझिटऱ्यांची यादी ठरवली जाते. ही यादी हाताने लिहिलेल्या फाइलमधून किंवा सर्व्हरच्या एपीआयमधून मिळवता येते, अथवा एका फोल्डराखाली ‘डॉट गिट’ नावाचे फोल्डर कोठे कोठे आहेत हे शोधून तयार करता येते. त्यानंतर यादीतील प्रत्येक रेपॉझिटरीत आज्ञा चालवली जाते आणि शेवटी प्रत्येक ठिकाणचे उत्तर व निर्गमन संकेतांक गोळा केला जातो. आज्ञा यशस्वी झाल्यास संकेतांक शून्य असतो, अन्यथा शून्याखेरीज दुसरा आकडा मिळतो.

युनिक्स शेलमध्ये हे काम ‘फॉर’ या पुनरावर्तनाने काही ओळींत करता येते. गिटच्या १.८.५ या आवृत्तीपासून (२०१३) मोठ्या ‘सी’चा पर्याय उपलब्ध आहे. त्यामुळे प्रत्येक फोल्डरात जाऊन परत येण्याची गरज उरत नाही, कारण फोल्डराचा मार्ग आज्ञेलाच देता येतो. फोल्डर बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ठरावीक चूक संभवते. फोल्डरात शिरणे अयशस्वी झाले आणि स्क्रिप्टने त्याची दखल घेतली नाही, तर पुढची आज्ञा आधीच्याच फोल्डरात पुन्हा चालते. मार्ग देण्याच्या पर्यायामुळे ही चूक टळते.

समांतर अंमलबजावणी

बदल आणण्याच्या आज्ञेत बहुतांश वेळ सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो. एका रेपॉझिटरीस दोन सेकंद लागत असतील, तर ६० रेपॉझिटऱ्यांना एकापाठोपाठ दोन मिनिटे लागतात. आठ-आठच्या गटांनी काम केल्यास ते सुमारे १६ सेकंदांत आटोपते. म्हणूनच बहुतेक साधनांत एकाच वेळी किती कामे चालवावीत हे ठरवण्याची सोय असते.

समांतरतेला मर्यादाही आहेत. अनेक आज्ञांची उत्तरे पडद्यावर एकमेकांत मिसळतात, त्यामुळे प्रत्येक रेपॉझिटरीचे उत्तर वेगळे साठवून मग छापावे लागते. एखाद्या आज्ञेने मध्येच पासवर्ड विचारला, तर तो कोणत्या रेपॉझिटरीसाठी आहे हे कळत नाही. यावर उपाय म्हणून एसएसएच एजंटमध्ये किल्ली आधीच भरून ठेवली जाते आणि गिटला टर्मिनलवर काही विचारू नये अशी सूचना दिली जाते. तिसरी मर्यादा सर्व्हरची असते. ओपनएसएसएच सर्व्हरच्या मूळ मांडणीत ओळख न पटलेल्या जोडण्या दहापर्यंत पोहोचल्या की पुढील जोडण्यांपैकी काही यदृच्छेने नाकारल्या जाऊ लागतात. वीस-तीस जोडण्या एकदम उघडणाऱ्या स्क्रिप्टला त्यामुळे कधी एका, तर कधी दुसऱ्या रेपॉझिटरीत अपयश येते आणि दोष नेटवर्कचा असल्याचा समज होतो.

आज्ञांचे वर्गीकरण

एकत्रितपणे चालवावयाच्या आज्ञांचे त्यांच्या परिणामानुसार तीन वर्ग करता येतात.

• केवळ वाचन करणाऱ्या आज्ञा: स्थिती, इतिहास व फरक दाखवणाऱ्या आज्ञा या वर्गात येतात. त्यांच्यामुळे वापरकर्त्याच्या कामाला धोका नसतो आणि त्या कितीही वेळा चालवता येतात. सर्व्हरवरील बदल केवळ आणून ठेवणारी ‘फेच’ ही आज्ञाही व्यवहारात याच वर्गात धरली जाते, कारण ती कामाच्या फाइलींना किंवा स्थानिक शाखांना हात लावत नाही.
• स्थानिक बदल करणाऱ्या आज्ञा: ‘पुल’, ‘चेकआउट’, ‘मर्ज’, ‘रिसेट’ आणि ‘क्लीन’ या आज्ञा फाइली बदलतात किंवा पुसतात. ‘पुल’ सर्वत्र चालवताना केवळ सरळ पुढे सरकण्याची परवानगी देणारा पर्याय वापरणे सुरक्षित मानले जाते. इतिहास दुभंगला असेल तेथे आज्ञा थांबते आणि नको असलेली विलीनीकरणे तयार होत नाहीत.
• सामायिक सर्व्हर बदलणाऱ्या आज्ञा: ‘पुश’ आणि तिचे सक्तीचे रूप यांचा परिणाम इतरांपर्यंत पोहोचतो. चूक झाल्यास ती केवळ स्वतःच्या संगणकावर निस्तरता येत नाही.

दुसऱ्या वर्गात नुकसान कितपत भरून येते हे कमिटवर अवलंबून असते. कमिट केलेले काम ‘रिसेट’मुळे दृष्टीआड झाले तरी गिटच्या रेफलॉग या नोंदवहीतून परत मिळवता येते. मूळ मांडणीत या नोंदी ९० दिवस, तर कोणत्याही शाखेतून न पोहोचता येणाऱ्या कमिटांच्या नोंदी ३० दिवस राखल्या जातात. याउलट, गिटने कधीही न नोंदवलेली फाइल ‘क्लीन’ने पुसली, तर तिची प्रत गिटकडे कोठेच नसते. त्यामुळे ही आज्ञा अनेक रेपॉझिटऱ्यांमध्ये चालवण्यापूर्वी काय पुसले जाईल याची केवळ यादी दाखवणारा पर्याय वापरला जातो.

साधने

• गिट सबमॉड्यूल: एका रेपॉझिटरीत दुसरीचा विशिष्ट कमिट नोंदवून ठेवण्याची ही गिटमधील अंगभूत सोय २००७ मध्ये आली. ‘फॉरईच’ ही तिची उपआज्ञा प्रत्येक उपरेपॉझिटरीत दिलेली आज्ञा चालवते. एका ठिकाणी अपयश आले की ती तेथेच थांबते. पुढे जाणे आवश्यक असल्यास तसे आज्ञेतच सांगावे लागते.
• गिट फॉर-ईच-रेपो: गिटच्या २.३० या आवृत्तीत आलेली ही आज्ञा मांडणीत नोंदवलेल्या सर्व रेपॉझिटऱ्यांवर गिटची आज्ञा चालवते. तिचा मुख्य वापर नियतकालिक देखभालीसाठी होतो.
• रेपो: गूगलने अँड्रॉइडसाठी पायथन भाषेत लिहिलेले साधन. रेपॉझिटऱ्यांची यादी ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असते. सर्व रेपॉझिटऱ्यांचे नेमके कमिट नोंदवलेला मॅनिफेस्टही त्यातून तयार करता येतो.
• मायरेपोज: जोई हेस यांनी पर्ल भाषेत लिहिलेले साधन. गिटखेरीज सबव्हर्जन, मर्क्युरियल, बझार, सीव्हीएस इत्यादी प्रणालींच्या रेपॉझिटऱ्या ते एकत्र हाताळू शकते.
• व्हीसीएसटूल आणि वेस्ट: पहिले रोबोटिक्समधील रॉस या प्रकल्पात, तर दुसरे झेफायर या लघुसंगणकीय कार्यप्रणालीत वापरले जाते. दोहोंतही रेपॉझिटऱ्यांची यादी याएमएल फाइलमध्ये असते.
• गीता: पायथन भाषेतील साधन. सर्व रेपॉझिटऱ्यांची शाखा व स्थिती ते रंगसंकेतांसह एका पडद्यावर दाखवते. रेपॉझिटऱ्यांचे गट करून एखाद्याच गटावर आज्ञा चालवता येते.

फेडोरा प्रकल्पातील वापर

फेडोराची पॅकेजे पूर्वी एका सीव्हीएस रेपॉझिटरीत ठेवलेली होती. प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरात वितरणाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा उपफोल्डर असे. जुलै २०१० मध्ये प्रकल्पाने गिटचा स्वीकार केला. तेव्हा प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र रेपॉझिटरी मिळाली आणि उपफोल्डरांच्या जागी गिटच्या शाखा आल्या. या व्यवस्थेस ‘डिस्ट-गिट’ असे म्हणतात. आज तीत २० हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. मूळ सॉफ्टवेअरची संकुचित फाइल गिटमध्ये न ठेवता वेगळ्या साठ्यात ठेवली जाते आणि गिटमध्ये केवळ तिचा पडताळा अंक नोंदवला जातो. त्यामुळे रेपॉझिटऱ्या आकाराने लहान राहतात आणि हजारोंच्या संख्येने प्रती घेणे शक्य होते.

सामूहिक पुनर्बांधणी

कंपायलर किंवा त्यासारखा पायाभूत घटक बदलला की सर्व पॅकेजे नव्याने बांधावी लागतात. या कामास सामूहिक पुनर्बांधणी म्हणतात आणि ते प्रकाशन अभियांत्रिकी चमू एका स्क्रिप्टद्वारे पार पाडतो. स्क्रिप्ट प्रत्येक पॅकेजची रेपॉझिटरी उतरवते, ‘स्पेक’ फाइलमधील प्रकाशन क्रमांक वाढवते, ठरावीक संदेशासह कमिट करते, सर्व्हरवर पाठवते आणि कोजी या बांधणी प्रणालीकडे काम सोपवते.

या स्क्रिप्टच्या रचनेतील तीन बाबी इतरत्रही अनुकरणीय ठरल्या आहेत. पहिली, एखाद्या पॅकेजमध्ये अपयश आल्यास स्क्रिप्ट त्याची नोंद करून पुढे जाते. अपयशी पॅकेजांचा पाठपुरावा नंतर दोषनोंदी करून केला जातो. दुसरी, ठरलेल्या दिवसानंतर एखादे पॅकेज आधीच बांधले गेले असल्यास ते वगळले जाते. त्यामुळे मध्येच बंद पडलेली स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तरी काम दुबार होत नाही. तिसरी, रेपॉझिटरीत ‘नोऑटोबिल्ड’ नावाची फाइल असल्यास त्या पॅकेजला हात लावला जात नाही, म्हणजेच देखभालकर्त्याला या कामातून बाहेर राहण्याचा हक्क मिळतो.

अनेक पॅकेजांत बदल करण्याचा अधिकार सर्वांना नसतो. ‘प्रोव्हनपॅकेजर’ या अनुभवी देखभालकर्त्यांच्या गटाला इतरांच्याही पॅकेजांत बदल करता येतो. २०२१ मध्ये या रेपॉझिटऱ्यांतील मुख्य शाखेचे ‘मास्टर’ हे नाव बदलून ‘रॉहाइड’ करण्यात आले. शाखेचे नाव गृहीत धरून लिहिलेल्या स्क्रिप्टना अशा बदलाचा फटका बसतो, हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

पुणे आणि लोहित फॉन्ट

रेड हॅट या कंपनीचे पुण्यात अभियांत्रिकी केंद्र असून फेडोरातील भारतीय भाषांविषयीचे बरेचसे काम तेथे झाले आहे. फेडोरा वापरकर्ते व विकासक यांची ‘फडकॉन’ ही परिषद पुण्यात दोनदा भरली: नोव्हेंबर २०११ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात (सीओईपी) आणि जून २०१५ मध्ये कोथरूड येथील एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात.

लोहित हा भारतीय लिपींसाठीचा मुक्त फॉन्टसमूह रेड हॅटने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. लोहित या संस्कृत शब्दाचा अर्थ तांबडा असा आहे. सुरुवातीच्या काही फॉन्टांच्या हक्कसूचनेत पुण्यातील ऑटोमॅटिक कंट्रोल इक्विपमेंट्स या संस्थेचे नाव आढळते. आधी जीपीएल परवान्याखाली असलेले हे फॉन्ट २०११ मध्ये एसआयएल मुक्त फॉन्ट परवान्याखाली आणले गेले.

डिस्ट-गिटमध्ये लोहितचे गुजराती, बंगाली, कन्नड, तमिळ, तेलुगू इत्यादी फॉन्ट स्वतंत्र पॅकेजे आहेत. परवान्यासारखा बदल झाला की तीच ओळ प्रत्येक रेपॉझिटरीतील स्पेक फाइलमध्ये आणि वितरणाच्या प्रत्येक चालू आवृत्तीच्या शाखेत बदलावी लागते. दहा पॅकेजे आणि तीन शाखा धरल्या, तर एका ओळीच्या बदलासाठी ३० कमिट होतात. एखादी शाखा राहून गेल्यास त्या आवृत्तीच्या वापरकर्त्यांना परवान्याविषयी जुनी, म्हणजे चुकीची माहिती मिळत राहते. २०२२ मध्ये फेडोराने परवान्यांची नावे एसपीडीएक्स या प्रमाण पद्धतीने लिहिण्याचे ठरवले, तेव्हा हाच प्रश्न संपूर्ण वितरणाच्या पातळीवर उभा राहिला.

देवनागरीच्या बाबतीत वेगळा मार्ग निवडला गेला. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी आदी भाषांसाठी पूर्वी वेगवेगळे लोहित फॉन्ट होते आणि त्यांतील बहुतेक अक्षररूपे सारखीच होती. एका जोडाक्षरातील दोष सुधारला की तीच दुरुस्ती इतर फॉन्टांतही करावी लागे. पुढे या सर्वांचे ‘लोहित देवनागरी’ या एकाच फॉन्टमध्ये विलीनीकरण झाले. एकच बदल वारंवार अनेक ठिकाणी करावा लागत असेल, तर त्या ठिकाणांचे विभाजनच अनावश्यक असू शकते, हे यातून दिसते.

मर्यादा आणि धोके

एकसंधतेचा अभाव

एका रेपॉझिटरीतील कमिट एक तर पूर्ण होतो किंवा होतच नाही. अनेक रेपॉझिटऱ्यांना मिळून अशी हमी नसते. ४० रेपॉझिटऱ्यांमध्ये बदल पाठवताना ३१ व्या ठिकाणी अपयश आले, तर पहिल्या ३० मधील बदल इतरांपर्यंत पोहोचलेले असतात आणि उरलेल्या दहांत जुनाच कोड राहतो. दोन घटकांमधील संवादाची पद्धत बदलणारा बदल असेल, तर या मधल्या अवस्थेत संपूर्ण प्रणाली बंद पडू शकते.

असे अपयश विरळ वाटले तरी संख्येबरोबर त्याची शक्यता वाढते. प्रत्येक रेपॉझिटरीत यशाची शक्यता ९९ टक्के आणि परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर ४० ठिकाणी सर्वत्र यश मिळण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के आणि २०० ठिकाणी केवळ १३ टक्के उरते. म्हणून अपयश होणारच असे गृहीत धरून आखणी केली जाते. बदल आधी जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींना चालेल असा केला जातो, तो सर्वत्र पोहोचल्याची खात्री केली जाते आणि त्यानंतरच जुनी पद्धत काढली जाते. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक रेपॉझिटरीचा कमिट नोंदवून ठेवल्यास मागे परतणेही शक्य होते.

असमान स्थिती

सर्व रेपॉझिटऱ्या एकाच अवस्थेत असतीलच असे नाही. कोठे अर्धवट काम असते, कोठे वेगळी शाखा उघडलेली असते, तर सबमॉड्यूलमध्ये बऱ्याचदा कोणतीच शाखा उघडलेली नसते. अशा सुट्या अवस्थेत केलेला कमिट शाखा बदलताच दृष्टीआड होतो. मुख्य शाखेचे नावही कोठे ‘मास्टर’, तर कोठे ‘मेन’ असते. गिटच्या २.२८ या आवृत्तीपासून (२०२०) नव्या रेपॉझिटरीतील पहिल्या शाखेचे नाव वापरकर्त्यास ठरवता येते, त्यामुळे हे वैविध्य वाढले आहे. या कारणास्तव बदल करणाऱ्या आज्ञेपूर्वी सर्वत्र स्थिती तपासणे आणि अस्वच्छ रेपॉझिटऱ्या वगळणे आवश्यक ठरते.

सुरक्षितता

रेपॉझिटरीच्या मांडणीत आणि हुकांमध्ये चालवण्याजोग्या आज्ञा असू शकतात. कोणत्याही फोल्डरात सापडेल ती रेपॉझिटरी यादीत घेणारी स्क्रिप्ट दुसऱ्याने ठेवलेल्या आज्ञा नकळत चालवू शकते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या गिटच्या २.३५.२ या आवृत्तीपासून दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फोल्डरातील रेपॉझिटरी स्पष्ट परवानगीशिवाय वापरली जात नाही. सामायिक संगणकांवर जुन्या स्क्रिप्ट त्यानंतर अडू लागल्या. सर्वच फोल्डर विश्वासार्ह असल्याचे जाहीर करून हा अडथळा दूर करता येतो, मात्र त्यामुळे मूळ संरक्षणच निघून जाते. मायरेपोजमध्येही वापरकर्त्याच्या मुख्य मांडणी फाइलखेरीज इतर मांडणी फाइलींवर आपोआप विश्वास ठेवला जात नाही. त्यांची वेगळी यादी करावी लागते.

पर्याय

एकल रेपॉझिटरी: सर्व प्रकल्प एकाच रेपॉझिटरीत ठेवल्यास अनेक घटकांतील बदल एकाच कमिटमध्ये बसतो. गूगलच्या अशा रेपॉझिटरीत जानेवारी २०१५ मध्ये सुमारे २०० कोटी ओळींचा कोड होता आणि तिचा आकार ८६ टेराबाइट होता. या आकारासाठी गूगलने पायपर ही स्वतःची प्रणाली उभारली. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सुमारे ३०० गीगाबाइटचा कोड गिटमध्ये आणताना त्यासाठी आभासी फाइल प्रणाली तयार केली. म्हणजेच या पर्यायात अडचण संपत नाही; तिचे स्वरूप बदलते.

परस्परसंलग्न तपासणी: ओपनस्टॅक प्रकल्पात वापरल्या जाणाऱ्या झूल या प्रणालीत एका रेपॉझिटरीतील बदल दुसरीतील बदलावर अवलंबून असल्याचे कमिटच्या संदेशात नोंदवता येते. दोन्ही बदलांची चाचणी एकत्र होते आणि अवलंबून असलेला बदल आधी विलीन होत नाही. गेरिट या तपासणी प्रणालीत एका विषयनामाखाली अनेक रेपॉझिटऱ्यांतील बदल गटाने सादर करण्याची सोय आहे.

हेही पहा

• गिट
• आवृत्ती नियंत्रण
• फेडोरा (कार्यप्रणाली)
• लोहित फॉन्ट
• मुक्त स्रोत सॉफ्टवेअर